आग्रा रस्त्याने कानोत्याकडे

दिवाळी उलटून हवेत गारवा आला की जयपुरात परिषदांचा हंगाम सुरू होतो. अभियंत्यांची, वैद्यांची, हिशेबतपासनिसांची, ग्रंथपालांची अशी परिषद कोणाचीही असो, निमंत्रितांच्या यादीत चार-दोन मराठी नावे सापडतातच. आणि नोकरीनिमित्त येथे येऊन पडलेल्या आम्हां मंडळींना त्यांची चाहूल दूरध्वनीवरून आठ दिवस आधीच लागते. पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले असतात. परिषदेचे स्थळ स्टेशनापासून किती लांब, जेवणात तिखट कितपत, आणि अर्धा दिवस मोकळा मिळाला तर पाहावे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कोणीही देईल. तिसऱ्याचे उत्तरही वाटाड्यांना तोंडपाठ असते : आमेरचा किल्ला, हवामहाल, जंतरमंतर, बापू बाजारातील मोजड्या आणि जोहरी बाजारातील खडे. ह्या यादीत चूक काही नाही. परंतु ती बंगाली पाहुण्यालाही तीच, जर्मन पाहुण्यालाही तीच. मराठी पाहुण्याने हे शहर थोडे निराळ्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे असे मला वाटते, कारण ह्या शहराशी आपला हिशेब जुना आहे आणि तो सगळाच आपल्या बाजूने जमेचा नाही.

अलीकडे आणखी एक गोष्ट झाली आहे. शहरात जागा पुरत नाही म्हणून परिषदा शहराबाहेर जाऊ लागल्या आहेत. आग्रा रस्त्यावर कानोता नावाचे गाव आहे. जयपूरच्या जुन्या वेशीपासून ते पंधरा किलोमीटरांच्या आतबाहेर असेल. तेथे ठाकुरांचा जुना गढ आहे, त्याचे आता अतिथिगृह झाले आहे, आणि आसपास लग्नसमारंभांसाठी व संमेलनांसाठी बांधलेली विस्तीर्ण आवारे उभी राहिली आहेत. ज्यांची व्यवस्था तिकडे होते ते पाहुणे हिरमुसतात. ‘जयपूरला बोलावले आणि रानात नेऊन ठेवले’ अशी तक्रार मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. माझे मत अगदी उलट आहे. हवामहाल सकाळी तासाभरात पाहून होतो. पण आग्रा रस्ता आणि त्याच्या टोकाचे कानोता हा प्रवास मराठी माणसाने सावकाश करावा असा आहे.

वाटेची माहिती प्रथम देतो. मुंबई व पुणे येथून जयपूरला थेट गाड्या आहेत, दिल्लीकरांना तर मोटारीचा व आगगाडीचा दोन्ही मार्ग सोयीचे. स्टेशनावरून कानोत्याला जाताना नारायणसिंह सर्कल नावाचा चौक लागतो. आग्र्याकडे जाणाऱ्या बसगाड्या येथे थांबतात, म्हणून हा चौक सर्वांच्या परिचयाचा. पण हे नारायणसिंह कोण, असे बसची वाट पाहणाऱ्यांपैकी कोणास विचारले तर बहुधा मान हलविली जाते. ते कानोत्याचे ठाकूर. म्हणजे कानोत्याची वाट कानोत्याच्याच नावाने सुरू होते. जवळच नारायण निवास नावाचा वाडा आहे, तो त्यांच्या मुलाने, जनरल अमरसिंहांनी, १९२८ साली बांधला. ह्या अमरसिंहांविषयी पुढे बरेच सांगावयाचे आहे.

शहर सोडताना रस्ता अरवलीची रांग ओलांडतो. आता मोटारींसाठी डोंगरातून बोगदा झाला आहे आणि चालक सरळ बोगद्यात शिरतात. पाहुण्यांनी त्यास आग्रहपूर्वक जुन्या घाटाने, ‘घाट की गूणी’ने, नेण्यास सांगावे. दोन्ही बाजूंस छत्र्या, देवळे, झरोक्यांच्या हवेल्या आणि मधून चिंचोळा रस्ता; जयपूरची पूर्वेकडील ही जुनी देवडी. अठराव्या शतकात आग्रा, मथुरा, दिल्ली इकडून येणारा प्रवासी, व्यापारी आणि फौजही ह्याच खिंडीतून शहराकडे पाही. घाट उतरताना एक बाग विद्याधरांच्या नावाची लागते. सवाई जयसिंगाने १७२७ च्या नोव्हेंबरात जयपूरची पायाभरणी केली तेव्हा नगररचनेत ज्याचा हात मुख्य होता तो हा बंगाली पंडित विद्याधर भट्टाचार्य. दुसरी बाग सिसोदिया राणीची. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले ताटवे, कारंजी, भिंतींवर राधाकृष्णाची चित्रे. लोक येथे येतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. मराठी पाहुण्याने मात्र येथे घटकाभर बसावे, कारण उत्तरेतील आपल्या राजकारणाचा एक मोठा अध्याय ह्या बागेच्या मालकिणीपासून सुरू होतो.

बादशहा बहादूरशहाने आंबेर जप्त केले तेव्हा, १७०८ साली, जयसिंग व जोधपूरचा अजितसिंग हे दोघे उदेपूरच्या राण्याकडे आश्रयास व मदतीस गेले. राणा दुसऱ्या अमरसिंगाने जयसिंगास आपली कन्या दिली. पण अट अशी घातली की, तिला मुलगा झाला तर वयाने धाकटा असला तरी आंबेरची गादी त्याचीच. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. जयसिंगासारख्या धोरणी पुरुषानेही ही अट मान्य केली. पुढे दुसऱ्या राणीपासून ईश्वरीसिंग हा थोरला मुलगा झाला, आणि सिसोदिया राणीला १७२८ साली माधोसिंग झाला. ही बागही त्याच वर्षीची सांगतात. कागदावर एक वारस, व्यवहारात दुसरा. कचेरीत काम करणाऱ्या कोणासही सांगावयास नको की, असल्या प्रकरणाचा निकाल पुढच्या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीवर ढकलला की ते चिघळते. जयसिंग १७४३ च्या सप्टेंबरात वारला आणि प्रकरण चिघळले.

त्याआधीचे दिवस मात्र चांगले होते, आणि तेही विसरू नयेत. जयसिंगाचे गुरू रत्नाकर पुंडरीक आणि त्याचे ज्योतिषी सम्राट जगन्नाथ हे दोघेही महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांतले. जगन्नाथपंतांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ ह्या नावाने आणली आणि टॉलेमीच्या ग्रंथावरून ‘सिद्धान्तसम्राट’ रचला. जंतरमंतरातील प्रचंड सम्राटयंत्राच्या सावलीत उभे राहून वाटाड्या वेळ सेकंदांपर्यंत कशी मोजता येते ते सांगतो. त्या वेळी हेही आठवावे की, हे यंत्र ज्या विद्येवर उभे आहे ती ह्या राजधानीत आणणाऱ्यांत एक माणूस आपल्याकडचा होता. पुंडरीकांची चित्रे काढलेली हवेली ब्रह्मपुरीत अजून आहे. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली उत्तरेच्या यात्रेस निघाल्या तेव्हा उदेपूर, नाथद्वारा करून त्या जयपुरास आल्या आणि जयसिंगाने त्यांचा फार आदरसत्कार केला. पुढच्या वर्षी किशनगडच्या मुलखात बाजीरावाची व जयसिंगाची भेट झाली.

सत्कारामागे राजकारण होते हे उघड आहे. राधाबाईंच्या यात्रेपूर्वी वर्षभरच, जुलै १७३४ मध्ये, ह्याच जयसिंगाच्या पुढाकाराने मेवाडच्या सरहद्दीवर हुरडा येथे राजपूत राजांची परिषद भरली होती. विषय एकच : मराठ्यांना कसे थोपवावे. ठराव झाले, शपथा झाल्या, पावसाळा संपताच रामपुऱ्यास जमावयाचे ठरले. आणि नंतर जे होते ते झाले, म्हणजे काहीच झाले नाही. राजस्थानात भरलेल्या परिषदांचा इतिहास लिहावयाचा तर हुरडा येथूनच आरंभ करावा लागेल, आणि त्या परिषदेचा विषय आपण होतो! पुढे ह्याच शहरात ऑक्टोबर १९४५ मध्ये पी. ई. एन. संस्थेची अखिल भारतीय लेखक परिषद भरली, तिला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर विलायतेहून आले होते. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर पाहुणे आज खरेदी करतात ते मिर्झा इस्माईल त्या वेळी संस्थानचे दिवाण होते. डिसेंबर १९४८ मध्ये स्वातंत्र्यानंतरचे पहिले काँग्रेस अधिवेशन डॉ. पट्टाभि सीतारामय्यांच्या अध्यक्षतेखाली येथेच झाले. जयपूरला पाहुण्यांची सवय आहे ती अशी जुनी.

परंतु एकदा ह्या शहराने मराठी पाहुण्यांचे जे केले ते कोणताही वाटाड्या सांगत नाही.

जयसिंगानंतर ईश्वरीसिंग गादीवर बसला. माधोसिंगाने मामाकडची, म्हणजे उदेपूरची, मदत घेतली आणि तेवढ्याने भागेना तेव्हा मराठ्यांकडे धाव घेतली. येथे आपल्या सरदारांत दोन तट पडले. शिंद्यांकडील मंडळींचा ओढा ईश्वरीसिंगाकडे, मल्हारराव होळकर माधोसिंगाच्या बाजूचे. पेशवे कधी इकडे, कधी तिकडे. नजराण्याचा आकडा जिकडे मोठा तिकडे न्याय झुकू लागला, हे कबूल केले पाहिजे. मार्च १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंग जिंकला. त्याच्या आनंदाप्रीत्यर्थ त्याने त्रिपोलियाजवळ सात मजली मनोरा बांधला, तो ईसरलाट किंवा सरगासूली ह्या नावाने आजही जुन्या शहरात उठून दिसतो. पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७४८ मध्ये, अजमेर रस्त्यावरील बगरू येथे ऐन पावसात मल्हाररावांनी त्याला घेरले. त्याने हार खाल्ली. भावास परगणे तोडून देण्याचे आणि मराठ्यांस मोठी रक्कम देण्याचे त्याने कबूल केले.

रक्कम देणे त्याच्या आटोक्याबाहेरचे होते. खजिना रिकामा, अनुभवी दिवाण केशवदास खत्री ह्यास त्याने संशयाने विष देऊन संपविलेला, सरदार फुटलेले. १७५० च्या अखेरीस होळकरांची फौज वसुलीसाठी जयपुराजवळ आली. राजाने जमेल तेवढे पाठविले. ते पुरेसे नव्हते. वसुलीस गेलेला माणूस ‘थोडे कमी आहे’ एवढेच म्हणतो. ज्याच्या दारात तो उभा असतो त्याला त्या शब्दांचे वजन काय वाटते हे तो जाणत नाही. डिसेंबरातील एका रात्री ईश्वरीसिंगाने विष घेतले आणि नाग आणवून त्याचा दंश करवून घेतला. त्याच्या काही राण्यांनीही विष घेऊन प्राण दिला. सकाळपर्यंत बाहेरच्या छावणीस ह्याचा पत्ता नव्हता. जयपूरच्या राजांच्या छत्र्या गैटोरला आहेत; ईश्वरीसिंगाची तेवढी तेथे नाही, ती राजवाड्यामागे जयनिवास उद्यानाच्या बाजूस एकटी आहे. सरगासूलीवर चढणाऱ्यांनी तीही पाहावी. एका माणसाचा विजय आणि त्याची राख ह्यांत अंतर चालत जाण्याएवढे.

माधोसिंग मराठ्यांच्या आधाराने गादीवर आला. जानेवारी १७५१ च्या पहिल्या आठवड्यात जयाप्पा शिंदेही फौजेसह येऊन पोहोचले, आणि आता मागणी पैशांवरून मुलखाच्या वाट्यावर गेली. नव्या राजाला कळून चुकले की, ज्यांनी गादी दिली ते गादीचा पायाही मागत आहेत. वरवर मात्र सलोखा होता. जयपूर तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे शहर होते. आखीव रस्त्यांची, सारख्या दुकानांची, नवी कोरी देवळे असलेली ही नगरी सबंध हिंदुस्थानात नवलाईची मानली जात होती. दक्षिणेतून आलेल्या शिपायांना, कारकुनांना, ब्राह्मणांना ती पाहावी असे वाटले ह्यात आश्चर्य ते काय? १० जानेवारीला मराठी छावणीतील काही हजार माणसे शहर पाहण्यास, देवदर्शनास आणि खरेदीस वेशीच्या आत गेली. भर दुपारी वेशी बंद झाल्या आणि नगरातील लोक व राजपूत त्यांच्यावर तुटून पडले. कत्तल रात्रीपर्यंत चालली. मृतांचा आकडा तीन हजारांच्या घरात धरतात, जखमी निराळे. कित्येकांनी तटावरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले. शहराबाहेर खेड्यापाड्यांत एकटेदुकटे जासूद व स्वार गाठून मारले गेले ते वेगळेच.

आज आपण परिषदेचे ओळखपत्र गळ्यात अडकवून ज्या रस्त्यांवर फिरतो ते रस्ते हेच. जयपूर पाहावयास गेलेल्या मराठी माणसांची ही पहिली मोठी टोळी, आणि तिची ही गत झाली. तेथे कोठेही दगड नाही, पाटी नाही. पाटी असावी असे माझे म्हणणे नाही; पण आपल्याला ठाऊक तरी असावे. कारण आपल्याकडे ही हकीकत सांगितली जाते ती बहुधा ‘रजपुतांचा विश्वासघात’ एवढ्या दोन शब्दांत, आणि इकडच्या तोंडी परंपरेत ती सांगितली जाते ती ‘ईश्वरीसिंगाचा सूड’ ह्या दोन शब्दांत. दोहोंत तथ्य आहे. वेशीच्या आत गेलेल्यांत शस्त्र न धरणारे ब्राह्मण होते, बाजारहाट करणारे नोकरचाकर होते. त्यांचा अपराध काय होता? आणि ज्या नगराने आपला राजा थोड्याच दिवसांपूर्वी वसुलीच्या धाकाने मेलेला पाहिला, त्याने शांत बसावे अशी अपेक्षा तरी कोणी धरावी? पाहावयास गेलेला शिपाई स्वतःला पाहुणा समजत होता. ज्यांचे शहर होते ते त्याला पाहुणा समजत नव्हते. ह्या गैरसमजाची किंमत त्याने दिली; हिशेब मात्र त्याच्या धन्याचा होता.

माधोसिंगाने नंतर ‘हा जमावाचा उद्रेक, माझा त्यात हात नाही’ असे सांगून वकील पाठविले व भरपाई देऊ केली. आपल्या सरदारांनाही ते मानून घेणे भाग पडले. तिकडे वजीर सफदरजंग पठाणांविरुद्ध मदतीस बोलावीत होता आणि दोआबातील ती मोहीम अधिक फायद्याची होती. फौज निघून गेली. मेलेल्यांची नोंद राहिली ती पत्रांत. मराठी दप्तरांचे हे वैशिष्ट्य अभिमानाने सांगण्याजोगे आहे की, आपल्या पराभवाच्या आणि अपमानाच्या बातम्याही आपल्या कारकुनांनी तपशीलवार लिहून पुण्यास पाठविल्या. पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ ह्या काळात पंचेचाळीस खंडांत छापून काढले. सर यदुनाथ सरकारांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना मराठी कागदांचा भरपूर आधार घेतला. जयपुरात त्या दुपारी काय झाले हे जगाला जे कळले त्याचे बरेचसे श्रेय छावणीत बसून लेखणी चालविणाऱ्या अनाम माणसांचे आहे. आम्हां कारकुनांना एवढा तरी मान घेऊ द्यावा.

ह्यानंतरचा अर्धशतकाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात त्याच त्या गोष्टी फिरून येतात : खंडणी ठरते, थकते, फौज येते. त्यातील एक स्थळ मात्र आपल्या वाटेजवळचे आहे. कानोत्याच्या पुढे बस्सी लागते आणि बस्सीपासून दक्षिणेस वळले की तुंगा. २८ जुलै १७८७ रोजी तेथे महादजी शिंदे आणि जयपूरचा प्रतापसिंग ह्यांची लढाई झाली. जोधपूरचे राठोड स्वार जयपूरच्या मदतीस आले होते. महादजींच्या बाजूने राणेखान, अंबाजी इंगळे व द बॉयन्याच्या नव्या पलटणी होत्या. राठोडांचा हल्ला विलक्षण होता. मोगल सरदार महंमद बेग हमदानी महादजींना सोडून शत्रूस मिळाला होता, तो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. दिवस संपला तेव्हा जिंकले कोण हे सांगता येत नव्हते. पण पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणींनी महादजींची साथ सोडली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. दुसऱ्याचा पैसा वसूल करावयास गेलेल्या सेनापतीचा डाव स्वतःच्या शिपायांच्या थकलेल्या पगाराने मोडला, हा योग ज्यांना पगारपत्रके करावी लागतात त्यांना विशेष बोलका वाटेल. तीन वर्षांनी, १७९० साली, पाटण व मेडता येथे द बॉयन्याच्या पलटणींनी ह्याचे उट्टे काढले. १८०० साली मालपुऱ्यास लखबादादा लाड ह्यांनी पुन्हा जयपूरकरांचा मोड केला. ज्याच्याशी ही सगळी झुंज चालली तो प्रतापसिंग कवी होता, कृष्णभक्त होता, आणि हवामहाल बांधणारा तोच. हवामहाल १७९९ चा, मालपुरा त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्या नाजूक जाळ्यांकडे पाहताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

१८१८ मध्ये जयपूरने इंग्रजांशी तह केला आणि ह्या वाटेने मराठी फौज येणे कायमचे थांबले. कानोत्याचा गढ उभा राहिला तो त्यानंतरच्या निर्धास्त काळात.

हा गढ पाहताना नव्या माणसाची थोडी फसगत होते. बुरूज आहेत, तट आहे, भव्य दरवाजा आहे. पण ह्या तटावर कधी तोफ डागली गेली नाही. महाराजा दुसरा रामसिंग ह्याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मारवाडातील पीलवा गावचे चांपावत राठोड घराणे जयपुरास आले. तीन भाऊ पुढे आले आणि तिघांनाही जहागिरी मिळाल्या : जोरावरसिंहांना कानोता, फतेहसिंहांना नायला आणि शंभुसिंहांना गोंधेर. फतेहसिंह तर संस्थानचे मुख्य दिवाण झाले. जयपुरात ही मंडळी बाहेरची. कछवाह्यांच्या दरबारात राठोड. आपल्या गुणांवर वर चढलेली, आणि म्हणून स्थानिक सरदारांच्या डोळ्यांत सलणारी. परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना त्यांची स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. (नायला गाव कानोत्यापासून जवळच आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन तेथे येऊन गावच्या बायकांबरोबर नाचले, म्हणून वाटाड्यांना नायला ठाऊक असते. दिवाण फतेहसिंह ठाऊक नसतात.)

कानोत्याचे खरे धन दगडांचे नव्हे, कागदांचे आहे. जोरावरसिंहांचे नातू, नारायणसिंहांचे पुत्र अमरसिंह ह्यांचा जन्म १८७८ चा. जोधपुरास सर प्रताप ह्यांच्या देखरेखीखाली ते वाढले आणि रामनाथ ह्या चारण गुरूंनी त्यांना वाचनाचे वेड लावले. सप्टेंबर १८९८ मध्ये, विशीच्या उमेदीत, त्यांनी इंग्रजीत दैनंदिनी लिहावयास सुरुवात केली, ती १ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत, लिहिली. चव्वेचाळीस वर्षे! एकूण खंड एकोणनव्वद, एकेक खंड सुमारे आठशे पानांचा. मधल्या काळात ते जोधपूरच्या स्वारांबरोबर १९०० साली चीनमध्ये गेले, लॉर्ड कर्झनच्या इंपीरियल कॅडेट कोअरच्या पहिल्या तुकडीत शिकले, १९०५ पासून महूच्या छावणीत जनरलच्या हाताखाली राहिले, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होते, आणि अखेर जयपूर संस्थानच्या लष्कराचे प्रमुख झाले. महू म्हणजे होळकरांचा मुलूख. ज्या मल्हाररावांच्या वसुलीने जयपूरचा राजा गेला, त्यांच्या वारसांच्या प्रदेशात जयपूरचा एक ठाकूर इंग्रजांच्या छावणीत नोकरीस राहतो आणि रोज रात्री त्या दिवसाचे बरेवाईट लिहून ठेवतो, हा कालगतीचा चमत्कार म्हणावा की विनोद?

दैनंदिनीत काय नाही? इंग्रज अधिकाऱ्यांची वागणूक, त्यांनी केलेला मान आणि न केलेला मान. घोडे, शिकार, पोलो. वाचलेल्या पुस्तकांवरील अभिप्राय. आणि ह्या सर्वांहून मोलाचे म्हणजे हवेलीतील एकत्र कुटुंबाचे अंतरंग. शेकडो माणसांचा तो संसार, वडीलधाऱ्यांसमोर पत्नीशी बोलावयाची चोरी, लग्नातील देण्याघेण्याचे रुसवे, चुलत्यांशी चाललेले तंटे. राजपूत घराण्याच्या पडद्याआडचे इतके प्रांजळ वर्णन त्या घराण्यातल्याच माणसाने केलेले दुसरे माझ्या वाचनात नाही. घरात त्यांच्या ह्या लेखनाचे फारसे कौतुक नव्हते, तरी कागद जपले गेले. शिकागो विद्यापीठाचे लॉइड व सुझान रुडॉल्फ हे विद्वान दांपत्य आणि अमरसिंहांचे पुतणे मोहनसिंह कानोता ह्या तिघांनी मिळून दैनंदिनीच्या आरंभीच्या वर्षांतील निवडक भाग संपादित केला. ‘रिव्हर्सिंग द गेझ’ हा तो ग्रंथ २००० साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने प्रसिद्ध केला. कानोत्यास राहावयास जाणाऱ्यांनी तो आधी चाळावा. गढाचे दिवाणखाने, चौक आणि जनाना पाहताना मग भिंती बोलू लागतात. एरवी ते एक नीटनेटके अतिथिगृह आहे इतकेच वाटते.

आपल्या दप्तरांचा अभिमान मी वर सांगितलाच. पण कानोत्याचे हे खंड पाहिले म्हणजे एक उणीव जाणवते. आपल्या सरदारांचे हिशेब आहेत, हुकूम आहेत, बातमीपत्रे आहेत. जयाप्पांच्या किंवा मल्हाररावांच्या मनात त्या जानेवारीत काय चालले होते हे सांगणारे एकही पान नाही. १० तारखेला सकाळी देवदर्शनास निघालेल्या शिपायाचे तर नावच नाही. बाहेरचे सारे नोंदलेले आणि आतले कोरे. कानोत्याच्या ठाकुराने आतले नोंदले, आणि तेही वाचणारे कोणी असेल ह्याची खात्री नसताना.

आता पाहुण्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. परिषद कानोत्यास असेल आणि एक दिवस पदरात पडत असेल, तर सकाळी शहरात जाऊन जंतरमंतर, सरगासूली व ईश्वरीसिंगाची छत्री एवढेच करावे. ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्यासारखी आहेत. परतीच्या वाटेवर जुन्या घाटाने यावे आणि सिसोदिया राणीच्या बागेत उतरावे. परिषद शहरात असेल तर ह्याच क्रमाने उलट निघून दुपारी कानोता गाठावे. गढ पाहावयाचा असल्यास आधी दूरध्वनी करून विचारावे, कारण लग्नसराईत तो सबंध एखाद्या वऱ्हाडाने घेतलेला असतो. पौष-माघात सकाळी धुके पडते आणि आग्रा रस्त्यावर मालमोटारींची गर्दी असते, म्हणून पहाटे निघण्याचा उत्साह आवरावा. जवाहर कला केंद्रात काही कार्यक्रम असेल तर इमारतीकडेही लक्ष द्यावे. मुंबईच्या चार्ल्स कोरियांनी जयपूरच्या नऊ चौकड्यांच्या आखणीवरून ती नऊ चौकोनांत बांधली आणि मूळ शहरात डोंगरामुळे एक चौकडी जशी सरकली आहे तसा एक चौकोन मुद्दाम वळवून ठेवला.

तुंग्यास जावयाचे तर स्वतःची मोटार हवी आणि अर्धा दिवस हवा. तेथे पाहण्यासारखे काही नाही असे चालक सांगेल, आणि ते खरे आहे : शेते आहेत, मोहरी फुललेली असते, बाभळी आहेत. लढाईच्या आदल्या दिवसांत महादजींच्या छावणीत दाणा-वैरण मिळेनाशी झाली होती. आता रस्त्याच्या कडेला चहा चांगला मिळतो. उन्हे उतरण्यापूर्वी परत फिरावे. बस्सीच्या नाक्यावर संध्याकाळी वाहने तुंबतात.